उडी नव्हे, धाव

अडथळ्यांची शर्यत म्हटली की आपल्या डोळ्यांसमोर उंच उड्या येतात. खरं तर हर्डलवरून उडी मारायचीच नसते, त्याच्यावरून धावायचं असतं. हवेत जितका वेळ, तितका तोटा. महिलांच्या १०० मीटर शर्यतीत ८३.८ सेंटीमीटर उंचीचे दहा हर्डल्स, दोहोंत साडेआठ मीटर अंतर, आणि त्यात पावलं तीनच!

भीती दिसते ती हर्डलच्या आधी. मुलगी पावलं आखडते, वेग तुटतो आणि मग ती खरंच अडखळते. म्हणूनच पहिल्याच दिवशी पूर्ण उंचीचा हर्डल समोर ठेवून ‘घे उडी’ म्हणणाऱ्यांचा मला राग येतो. एकदा नडगी सोलवटली की पोर मैदानाकडे फिरकत नाही. घरचेही म्हणतात, ‘राहू दे गं, पाय मोडून घेशील.’ त्याऐवजी आधी फक्कीच्या रेघा, मग पुठ्ठ्याचे बुटके खोके ठेवा, अंतरही कमी. पुढचा गुडघा आधी वर, छाती किंचित झुकलेली, मागचा पाय बाजूने वळवून काखेखाली. आणि हो, चुकून हर्डल पडला म्हणून कुणी बाद होत नाही बरं का! हे मुलींना सांगतं कोण?

१९८४ मध्ये लॉस एंजेलिसला पी. टी. उषाचं पदक शतांश सेकंदाने हुकलं, त्याची हळहळ आपण अजून करतो. २०२३ मध्ये ज्योती याराजीने बँकॉकला १०० मीटर हर्डल्सचं आशियाई सुवर्ण जिंकलं, त्याची चर्चा किती घरांत झाली?

पुढच्या पालकसभेत मार्कांबरोबर एवढंही विचारा : शाळेत बुटके हर्डल्स आहेत का, आणि मुलींच्या वाट्याला ते आठवड्यातून किती वेळा येतात?