दुकान तुमचं, पण दर कोण ठरवतंय?



कोकणात होमस्टे सुरू करू पाहणाऱ्या एका ताईंनी वर्गात विचारलं, "सर, मोठ्या अ‍ॅपवर रूम टाकू ना? गिऱ्हाईक तर तिथंच आहे." मी म्हटलं, "टाका की! पण आधी करार वाचा."

साधा हिशोब बघा. रूम २,००० रुपयांची. समजा अ‍ॅपचं कमिशन २० टक्के, म्हणजे ४०० रुपये गेले. आता तुम्ही स्वतःच्या वेबसाइटवर तीच रूम १,८०० ला दिली, तर गिऱ्हाइकाचे २०० वाचतात आणि तुम्हालाही २०० जास्त मिळतात. दोघांचा फायदा! पण करारात "आमच्यापेक्षा स्वस्त कुठंही विकायचं नाही" अशी अट असेल तर? मग हा मार्गच बंद.

असं खरंच घडलंय. मेकमायट्रिप-गोआयबिबोच्या करारांत हॉटेलवाल्यांवर अशीच अट होती. शिवाय ओयोबरोबरच्या त्यांच्या समझोत्यामुळे ट्रीबो आणि फॅबहॉटेल्स त्यांच्या साइटवरून बाहेर गेले. तक्रार हॉटेलवाल्यांच्या देशपातळीवरच्या फेडरेशननं केली. ऑक्टोबर २०२२ मध्ये भारतीय स्पर्धा आयोगानं मेकमायट्रिप-गोआयबिबोला २२३.४८ कोटी आणि ओयोला १६८.८८ कोटींचा दंड ठोठावला, आणि दराची ती अट करारातून काढायला सांगितलं.

इथं एक गोष्ट नीट समजून घ्या. मोठं होणं हा गुन्हा नाही. आपल्यालाही मोठंच व्हायचंय ना? २००२ चा स्पर्धा कायदा मोठेपणाला नाही, मोठेपणाच्या जोरावर केलेल्या दांडगाईला अडवतो.

मग माझी तक्रार काय? उशीर! चौकशीचा आदेश २०१९ चा, निकाल २०२२ चा. मोठी कंपनी तीन वर्षं सहज काढते. आठ खोल्यांचा होमस्टे तीन सीझन वाया घालवून टिकेल का? म्हणूनच मला वाटतं, नियम आधीच ठरलेले हवेत. २०२४ मध्ये केंद्र सरकारनं डिजिटल स्पर्धा विधेयकाचा मसुदा मांडला, त्याचा गाभा हाच होता. काही जण म्हणतात, यानं नव्या कंपन्यांचे पाय बांधले जातील. पण नियम फक्त अवाढव्य कंपन्यांना लावले, तर छोट्याला धास्ती कशाची?

तोवर तीन कामं करा. एक, सही करण्याआधी दराची अट शोधा. दोन, आलेल्या प्रत्येक पाहुण्याचा नंबर त्याला विचारून तुमच्या वहीत लिहा, म्हणजे पुढच्या वेळी तो थेट तुम्हाला फोन करेल. तीन, तुमच्या धंद्याच्या संघटनेत जा. वरची लढाई एकट्या हॉटेलवाल्यानं नाही, संघटनेनं लढली.

अ‍ॅप म्हणजे भाड्याचा गाळा. तिथं धंदा जरूर करा, पण गिऱ्हाईक आपलं ठेवा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!