फॉरमॅट मारण्याआधी

पेडणे तालुक्यात पाऊस ओसरू लागला की आपल्या व्यवसायातले फोन वाजू लागतात. मोरजी, आश्वे, मांद्रे, हरमल या पट्ट्यात पर्यटकांना खोल्या देणारी अनेक घरे जूनपासून मिटलेली असतात. हंगामाच्या तोंडावर दारे उघडतात, चादरीखाली झाकून ठेवलेला संगणक बाहेर निघतो आणि फोनवर ऐकू येते, "बाबा, कॉम्प्युटर सुरूच जायना, मातसो येवन पळय." येऊन बघणारा म्हापशाहून नाहीतर पेडण्याहून स्कूटरवर आलेला असतो. त्याला त्याच दिवशी आणखी दोनतीन ठिकाणी जायचे असते. यंत्र पाच मिनिटे न्याहाळून तो म्हणतो, "फॉरमॅट मारावा लागेल."

हे संपादकीय त्या वाक्याविरुद्ध आहे.

मोरजीतल्या घरगुती संगणकात काय असते ते आधी पाहू. घरात परदेशी पाहुणा उतरला की 24 तासांच्या आत त्याचा सी-फॉर्म ऑनलाइन भरावा लागतो. पणजीच्या मोठ्या हॉटेलाला जो नियम, तोच दोन खोल्या रशियन कुटुंबाला देणाऱ्या घरमालकिणीला. त्यामुळे तिच्या यंत्रात पासपोर्ट-व्हिसाच्या स्कॅन प्रती असतात आणि त्या पोर्टलचा पासवर्ड ब्राउझरमध्ये साठवलेला असतो. तो तिला पाठ नसतो, कारण लॉगिन भाच्याने करून दिलेले असते आणि भाचा आता दुबईत असतो. शिवाय एक-चौदाचे उतारे, पंचायतीच्या परवान्याची कागदपत्रे, मुलांचे प्रकल्प, लग्नाचे फोटो. कुणाकडे देवस्थान समितीचा जमाखर्च, कुणाकडे भजनी मंडळाच्या पदांच्या श्रीलिपीत टाइप केलेल्या फायली. फॉरमॅट मारताना फॉन्टचे फोल्डर पुसले गेले, तर बॅकअप घेतलेली फाइलसुद्धा रोमन अक्षरांची खिचडी होऊन उघडते. गिऱ्हाईक समजते, फाइल बिघडली. फाइल शाबूत असते, फॉन्ट परत टाकायचा राहिलेला असतो.

आता ऑक्टोबरातली एक नेहमीची तक्रार घ्या. नेट चालते आहे, पण सी-फॉर्मची साइट उघडत नाही, बँकेचीही नाही. 'कनेक्शन सुरक्षित नाही' असे काहीतरी येते. आपल्यातले काहीजण याला व्हायरस म्हणून मोकळे होतात. खाली उजव्या कोपऱ्यातले घड्याळ पाहिले तर तिथे कित्येक वर्षांपूर्वीची तारीख दिसेल. मदरबोर्डवरचा सीआर 2032 सेल संपला आहे, एवढेच. यंत्राला वीज मिळत असते तोवर या सेलवर भार पडत नाही. प्लग काढून पावसाळाभर ठेवला की घड्याळ सगळे त्याच्यावरच चालते आणि जुना सेल दम सोडतो. प्रत्येक सुरक्षित साइटच्या प्रमाणपत्राला आरंभाची आणि शेवटाची तारीख असते. यंत्राची तारीख मागे गेली की ब्राउझरच्या दृष्टीने ते प्रमाणपत्र अजून सुरूच झालेले नसते. फरक वर्षांचा असला की विंडोजची आपोआप वेळ जुळवण्याची सोयही बहुधा हात टेकते. अशा यंत्राला फॉरमॅट मारून काय मिळाले? तारीख हाताने दुरुस्त केल्यामुळे साइट उघडली, गिऱ्हाईक खूश झाले, आणि चार दिवसांनी वीज गेली तशी तारीख पुन्हा मागे गेली. मधल्या मध्ये पासवर्ड, फॉन्ट आणि लग्नाचे फोटो गेले.

खाऱ्या वाऱ्याचेही तसेच. रॅमच्या सोनेरी पट्ट्यांवर थर चढतो, यंत्र नुसते बीप देते किंवा तेही देत नाही. रॅम काढून पट्ट्या आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसल्या की पुष्कळदा काम भागते. खोडरबरही चालतो म्हणतात; घासून घासून मुलामा झिजतो, हे मात्र लक्षात ठेवावे.

हे सगळे आपल्याला ठाऊक आहे. मग फॉरमॅट का मारतो? कारण गिऱ्हाईक त्याचेच पैसे देते. सेल बदलला, रॅम पुसली, सेटिंग शोधून काढले, तर "एवढंच होतं?" म्हणून सेलची किंमत हातावर ठेवली जाते. फॉरमॅटचा दर मात्र ठरलेला आहे. निळा पडदा दिसतो, टक्के पुढे सरकतात, दीड तास जातो, काम झाल्यासारखे वाटते. निदानाला मोल नाही आणि पाडकामाला आहे, अशी घडी आपणच वर्षानुवर्षे बसवून ठेवली आहे. गिऱ्हाइकाला दोष देण्यात अर्थ नाही. बिलात जे छापलेले असते त्याचेच पैसे माणूस देतो.

पूर्वी ही सवय निभावून जाई. चुकून पुसलेली फाइल जुन्या हार्डडिस्कवरून रिकव्हरी सॉफ्टवेअरने काढता येई. एसएसडीवर ट्रिमची आज्ञा गेली की पुसलेले सहसा परत मिळत नाही. नव्या विंडोज 11 च्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केले की डिस्क अनेकदा आपोआप कुलूपबंद होते, मालकाला त्याचा पत्ताही नसतो. मग आपण बायोस अद्ययावत करतो किंवा मदरबोर्ड बदलतो आणि पडदा 48 अंकी रिकव्हरी की मागतो. ती की खात्यात असते, खाते दुकानदाराने उघडून दिलेले असते, त्याला जोडलेला मोबाइल नंबर बंद झालेला असतो. तेव्हा पान्हा हातात घेण्याआधी बिटलॉकर चालू आहे का ते पाहावे आणि की मालकाच्या वहीत लिहून द्यावी. वनड्राइव्ह हा आणखी एक चकवा. तो डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स आपल्या फोल्डरात ओढून घेतो. आपण नेहमीच्या जागेवरून 'सगळा बॅकअप' घेतो आणि हाती येते रिकामे फोल्डर, किंवा नुसत्या नावापुरत्या फायली, ज्यांचा मजकूर इंटरनेटवर आहे. फुकट जागा 5 जीबीच. ती भरली की पुढचे वर चढतच नाही.

14 ऑक्टोबर 2025 रोजी विंडोज 10 चा मोफत आधार थांबला. घरगुती वापरकर्त्यांसाठी मायक्रोसॉफ्टने 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत वाढीव सुरक्षा अद्यतनांची सोय ठेवली, पण आपल्यातल्या फार थोड्यांनी ती गिऱ्हाइकाला सांगितली. टीपीएम 2.0 नसलेल्या जुन्या यंत्रांवर विंडोज 11 अधिकृतपणे बसत नाही. तिथे क्रॅक आणि जुगाड सुरू झाले. डिफेंडर बंद करायचा, कुठूनतरी आणलेला ॲक्टिव्हेटर चालवायचा आणि त्याच यंत्रावर गिऱ्हाइकाला नेटबँकिंग करू द्यायचे, याला दुरुस्ती म्हणता येणार नाही. विंडोज 10 घेऊन आलेल्या ब्रँडेड लॅपटॉपमध्ये परवान्याची की फर्मवेअरमध्येच असते. तिथे तर क्रॅकची गरजही नाही. ज्यांचे काम मेल, टायपिंग आणि पोर्टलपुरते आहे त्यांना लिनक्स दाखवून पाहा. अमेरिकेतून आलेल्या वापरलेल्या संगणकांवर लिनक्स टाकून ते शाळांना देण्याचा उपक्रम गोव्यात फार पूर्वी होऊन गेला आहे, तेव्हा ही गोष्ट आपल्याकडे नवखी नाही. प्रिंटर चालेल याची खात्री मात्र आधी करून घ्या, नाहीतर रात्री दहाला फोन येईल.

आपण वेळेवर गेलो नाही तर गिऱ्हाईक कुणाकडे जाते, हाही विचार हवा. 'प्रिंटर ऑफलाइन' असे दिसले की माणूस गुगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधतो. पहिला सापडणारा नंबर ठगाचा असू शकतो. तो गोड बोलून एनीडेस्क टाकायला लावतो आणि खाते रिकामे करतो. रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी 2019 मध्येच एनीडेस्कच्या अशा वापराबद्दल बँकांना सावध केले होते. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या सूचनेत फोन नंबर कधीच नसतो, हे एक वाक्य प्रत्येक घरी सांगून यावे, आणि पैसे गेलेच तर तासाभरात 1930 वर फोन करायचा, हेही. आपण स्वतः दूरवरून मदत करतो तेव्हा काम झाल्यावर ते सॉफ्टवेअर काढून टाकावे. कायमचा प्रवेश ठेवून देण्याची खोड आपल्यातही आहे.

खासगीपणाबद्दल थोडक्यात. कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी तपासणीसाठी 16 दुकानांत लॅपटॉप दिले; सहा ठिकाणी कारागिरांनी खासगी फायली उघडल्या, हे त्यांनी 2022 मध्ये प्रसिद्ध केले. नुसती बॅटरी बदलायलाही बहुतेक दुकानांनी पासवर्ड मागितला होता. बॅटरीला पासवर्ड लागत नाही. मोरजीतल्या यंत्रात परक्या देशांतल्या माणसांचे पासपोर्ट असतात.

पुढचे बिलबुक छापायला टाकाल तेव्हा त्यात 'तपासणी' अशी वेगळी ओळ पहिलीच घाला. दर किती ठेवायचा तो ज्याचा त्याचा प्रश्न. त्या ओळीसमोर काय सापडले ते मराठीत दोन शब्दांत लिहा, बॅकअप कुठे ठेवला ते लिहा, डिस्क बदलली असेल तर जुनी डिस्क मालकाच्या हाती देऊन त्याची सही घ्या. आणि यंत्राला हात लावण्याआधी घरातल्या माणसाला विचारा, उद्या सकाळी यातले तुम्हाला काय लागणार आहे?