‘रोज चाला’ एवढ्याने भागणार नाही



मधुमेह निघाला की सल्ला ठरलेला: गोड बंद करा, रोज चाला. सल्ला रास्त आहे. पण चालताना दम लागला, पाय भरून आले, की घरचेच ‘नुसता आळस’ म्हणून मोकळे होतात. आमच्या पौड परिसरात हे सर्रास ऐकू येते. हा आरोप अन्यायाचा आहे आणि घातकही, कारण बोलणी खाऊन माणूस चालणेच सोडतो.

टाइप-२ मधुमेहात काम करणाऱ्या स्नायूंना रक्तपुरवठा हवा तितका वाढत नाही आणि प्राणवायूचा वापर संथपणे वाढतो. दुसरा कुठला आजार नसला तरी अशा रुग्णाचा दमसास त्याच वयाच्या, तेवढ्याच वजनाच्या निरोगी माणसापेक्षा कमी भरतो. तोच चढ त्याला खरोखरच जड जातो.

तरीही व्यायाम हवाच. स्नायू हलले की इन्सुलिनच्या मदतीशिवायही रक्तातली साखर ओढून घेतात. व्यायामानंतर इन्सुलिनचा गुणही वाढतो, पण तो एक ते तीन दिवसच टिकतो. म्हणून ‘आम्ही शेतकरी, आम्हाला कसला व्यायाम?’ हे पटत नाही. आषाढातल्या भातलावणीचे कष्ट दिवाळीपर्यंत पुरत नाहीत. ‘अंगाने बारीक, त्याला कसली शुगर?’ हेही खरे नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी डॉ. जॉन युडकिन यांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) सारखाच, २२.३, पण चरबी युडकिन यांच्या अंगात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्या अंगात २१.२ टक्के. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात हे छापून आले. म्हणजे बारीक दिसणाऱ्या अंगातही चरबी दडलेली असू शकते.

आणि सरसकट सल्ल्यात धोकाही आहे. मधुमेहाने तळव्याची संवेदना गेलेला माणूस खाचरात अनवाणी उतरतो, काटा रुततो, त्याला कळत नाही. सूज आल्यावर घरचे पाय पाहतात. ग्लिमेपिराइडची गोळी किंवा इन्सुलिन घेऊन कोणी उपाशीपोटी राबला, तर साखर एकदम उतरून चक्कर येते.

उपकेंद्रांत तिशीपुढच्यांची साखर तपासली जाते. ज्यांना मधुमेह निघतो, त्यांच्या पायांची संवेदना तिथेच तपासावी आणि गोळ्यांप्रमाणे व्यायामही चिठ्ठीवर लिहून द्यावा: सुरुवातीला प्रत्येक जेवणानंतर १० मिनिटे चालणे, हळूहळू आठवड्याला १५० मिनिटे, सलग दोन दिवसांहून अधिक खंड नको, आठवड्यातून दोनदा ताकदीचे व्यायाम. छातीत दुखले, नेहमीपेक्षा फार दम लागला, तर थांबून डॉक्टरांना गाठायचे, हेही त्याच चिठ्ठीवर हवे. आशाताई घरोघर जातातच. ही चिठ्ठी घरच्यांनाही समजावून सांगण्याचे काम त्यांच्याकडे द्यावे आणि त्याचा वेगळा मोबदलाही द्यावा. तालुका आरोग्य विभागाने येत्या लावणीच्या आधी याला सुरुवात करावी.

— एक वाचक, पौड, ता. मुळशी, जि. पुणे