भाकरी घरची, पिठलं गावाचं



हा आषाढ विशेषांक तुमच्या हाती पडेल तेव्हा तिकडे तुकोबांची पालखी पुणं सोडून सोलापूर रस्त्याला लागलेली असेल. इथे मात्र आपण हीटर लावून खिडक्यांच्या फटी बुजवत बसलेलो असू. दक्षिण गोलार्धात आल्यापासून आपल्या आषाढातला पाऊस हरवला आणि हाती उरली ती नुसती थंडी. पण या थंडीला एक जेवण फार शोभतं: तव्यावरून उतरलेली भाकरी आणि वाफाळतं पिठलं. आजचं संपादकीय त्यावरच आहे. त्यात तुमच्याकडे एक मागणंही आहे, ते शेवटी सांगते.

माझं माहेर दौंड तालुक्यातलं, यवतजवळच्या एका वस्तीवरचं. सासर शिरूरचं, म्हणजे जुनी माणसं अजून ज्याला घोडनदी म्हणतात तिथलं. दोन्ही तालुक्यांच्या मधून भीमा वाहते. चौफुल्यावरून न्हावऱ्याकडे निघालं की पूल लागतो. तो ओलांडला की भाषा तीच राहते, ताट मात्र थोडं बदलतं. माहेरी ज्वारी आणि गुऱ्हाळाचा गूळ, सासरी बाजरी, हुलग्याची शेंगोळी आणि सणावाराला मासवडी.

तुकोबांचे धाकटे चिरंजीव नारायण महाराज यांनी १६८५ साली पालखी सोहळा सुरू केला. पुण्यातला मुक्काम आटोपून पालखी लोणी काळभोरला येते आणि दुसऱ्या दिवशीची लांबलचक चाल संपवून संध्याकाळी यवतला काळभैरवनाथाच्या देवळात विसावते. पुढे वरवंड, पाटस आणि रोटी घाट. रोटी हे तिथल्या गावाचं नाव. पण भुकेल्या वारकऱ्याला यवतच्या जेवणानंतर रोटीचा घाट लागावा, याची आम्हां पोरांना फार गंमत वाटायची.

यवतच्या मुक्कामाचं जेवण ठरलेलं असतं: पिठलं-भाकरी. पिठलं देवळापाशी मोठमोठ्या कढयांमध्ये शिजतं आणि भाकरी गावातल्या, वाड्यावस्त्यांवरच्या घरांतून येतात. हे मी लहानपणापासून पाहिलं, पण त्यातलं शहाणपण कळायला मला परदेशात येऊन मंडळाच्या कार्यकारिणीत तीन वर्षं काढावी लागली.

बघा, पिठलं वाढवता येतं. दहा माणसांचं असो की दहा हजारांचं, कढई मोठी घ्यायची, जाळ वाढवायचा, गुठळी होऊ न देता घाटत राहायचं. जून महिन्यात शेतात भाजी नसते, पण बेसन, तिखट, मीठ आणि लसूण घरात असतंच. भाकरीचं तसं नाही. ती एका वेळी एकच थापावी लागते. एक तवा, एक हात, एक भाकरी. भाकरीची मोठी कढई नसते. म्हणून हजारो भाकरी हव्या असतील तर शेकडो चुली पेटाव्या लागतात. जे एका जागी होऊ शकतं ते गावाने देवळापाशी ठेवलं आणि जे होऊ शकत नाही ते घराघरांत वाटून टाकलं. अन्नछत्राचं याहून सोपं व्यवस्थापन मला कुठल्या पुस्तकात सापडलेलं नाही.

आमच्या वस्तीवर त्या दिवशी पहाटेपासून परातींचा आवाज असायचा. बहात्तरच्या दुष्काळात सुकडीवर दिवस काढलेली माझी आजी चुलीपुढून उठायचीच नाही. ती थापायची, आई भाजायची, मी भाकरी फडक्यावर पसरून निववायची आणि मग दुरडीत रचायची. मी सातआठ वर्षांची असेन. आपली भाकरी नेमकी कुणाच्या हातात पडते ते बघायची मला भारी हौस. म्हणून एका थापलेल्या भाकरीच्या कडेला मी हळूच अंगठा दाबला, म्हणजे देवळात ती ओळखू येईल. आजीच्या नजरेतून ते सुटलं नाही. तिने ती भाकरी तव्यावर टाकली, नीट भाजली, पापुद्रा टम्म फुगू दिला आणि बाजूला काढून ठेवली.

"ही आपुन घरी खाऊ," ती म्हणाली. "तिकडं जायच्या भाकरीला वळख ठिवायची न्हाई, पोरी."

मला तेव्हा फार राग आला होता. ती भाकरी मी दुपारी दुधात कुस्करून खाल्ली, रडत रडत.

भीमेच्या पलीकडे, सासरी, हीच रीत मला वेगळ्या नावाने भेटली. शिरूरच्या गावांमध्ये अखंड हरिनाम सप्ताह बसला की रोजची पंगत एकेक आळी, एकेक भावकी उचलते. आमटी चुलवणावर, पुरुषांच्या हाती. भाकरी-चपात्यांच्या दुरड्या घरोघरून, बायकांच्या डोक्यावर. शेजारच्या जुन्नर तालुक्यात आणे गावी रंगदास स्वामींच्या पुण्यतिथीला आमटी-भाकरीचा महाप्रसाद असतो. तिथेही आमटी सगळ्यांची आणि भाकरी ज्याच्या त्याच्या घरची. पदार्थ बदलला तरी हिशेब तोच.

हा हिशेब फार जुना असावा. शिरूर तालुक्यातच घोडनदीच्या काठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्वज्ञांनी तिथे १९६८ पासून अनेक हंगाम उत्खनन केलं. सांकलिया, अन्सारी, ढवळीकर ही नावं त्या कामाशी जोडलेली आहेत. तीन हजार वर्षांपूर्वीच्या त्या शेतकरी वस्तीत जव होता, गहू होता, मसूर आणि कुळीथही होते. कुळीथ म्हणजे आमचे हुलगेच की! घरांमध्ये चुली सापडल्या आणि एका मोठ्या घराशेजारी धान्याचं कोठार. ते घर गावप्रमुखाचं आणि कोठार साऱ्या वस्तीचं असावं, असा अभ्यासकांचा अंदाज आहे. मला या माहितीत यवतची दुरडी दिसते. चूल घराची, साठा गावाचा. अर्थात, मी पुरातत्त्वज्ञ नाही, सून आहे. सासरच्या मातीचा अभिमान जरा जास्तच असायचा.

पण नुसता अभिमान मिरवून चालणार नाही. आपल्या गावच्या पंगती सगळ्यांना मोकळ्या होत्या असं म्हणणं म्हणजे स्वतःला फसवणं आहे. कोण कुणाच्या शेजारी बसणार, कुणाला लांबून वाढायचं, कुणी पंगत उठल्यावर यायचं, हे सगळं जातीने ठरत होतं. गेल्या शतकात समतानंद अनंत हरी गद्रे यांना 'झुणका-भाकर सत्यनारायण' मांडावासा वाटला तो यामुळेच. पूजेला अस्पृश्य मानलेलं जोडपं आणि प्रसाद म्हणून शिऱ्याऐवजी सगळ्यांनी एकत्र खायची झुणका-भाकर. ज्यांना पूजेशी भांडायचं नव्हतं पण पंगतीतल्या भिंतीशी भांडायचं होतं, त्यांनी गरिबाघरचाच पदार्थ हत्यार म्हणून उचलला. आमच्या दौंड तालुक्यातल्या केडगावला तर पंडिता रमाबाईंनी एक वेगळंच मोठं घर उभं केलं. १८९६-९७ च्या दुष्काळात अन्नाला महाग झालेल्या मुली आणि बालविधवा त्यांनी आणल्या, त्यांना जेवू घातलं, शिकवलं, शेती आणि छपाईच्या कामाला लावलं. ज्यांना कुणाच्याच पंगतीत पान नव्हतं त्यांच्यासाठी ते मुक्ती सदन होतं.

आणि दुसरी गोष्ट बायकांची. पिठल्याच्या कढईपाशी उलथनं घेऊन उभ्या असलेल्या पुरुषांचे फोटो वर्तमानपत्रांत येतात. पहाटेपासून भाकरी थापणाऱ्या हातांचा फोटो क्वचितच येतो. माझी आजी कमरेवर हात ठेवून उठायची आणि सगळ्यांच्या शेवटी जेवायची. भाकरीला ओळख नको हे तिचं म्हणणं मला आज पटतं. पण थापणारीलाच ओळख नसावी, हे मला कधीच पटलेलं नाही.

आता आपल्या मंडळाकडे येते.

सुरुवातीला आपण वीसएक कुटुंबं होतो तेव्हा प्रत्येकाने एकेक पदार्थ आणायची पद्धत होती. मजा यायची, नाही असं नाही. पण हळूहळू त्या टेबलाचं प्रदर्शन झालं. अमक्यांची पुरणपोळी, तमक्यांचं भरलं वांगं. कुणाचं भांडं रिकामं परत गेलं आणि कुणाचं अर्धं भरलेलं, याची चर्चा घरी जाताना गाडीत होऊ लागली. नोकरी सांभाळून आदल्या रात्री दोनपर्यंत जागणाऱ्या मैत्रिणींनी शेवटी हात टेकले. नवीन आलेली, एकटी राहणारी मुलं तर वेफर्सचं पाकीट घेऊन संकोचाने दाराशीच उभी राहायची. मग आपण केटररकडे गेलो. कुणी जागायला नको, कुणी लाजायला नको. पानं वेळेवर भरली, हिशेब सोपा झाला. आणि गेल्या आषाढीला मी घड्याळ लावून पाहिलं. रांग, जेवण, 'चला निघतो' हे सगळं पस्तीस मिनिटांत उरकलं. जे ज्यांच्याबरोबर आले होते ते त्यांच्याबरोबरच बसले आणि त्यांच्याबरोबरच गेले.

पहिल्या पद्धतीत प्रत्येक भांड्यावर कुणाचं तरी नाव होतं. दुसऱ्या पद्धतीत कुणाचाच हात नव्हता. यवतची रीत या दोन्हींच्या मधली आहे. तिथे सगळ्यांचा हात असतो आणि नाव कुणाचंच नसतं. सगळे एकच वस्तू आणतात, म्हणून तुलनेला जागा नाही. मोठं काम एकत्र होतं, म्हणून एकावर भार नाही.

तर मागणं असं. यंदा आषाढीच्या भजनानंतर केटरर नाही. पिठलं मंडळाचं, भाकरी तुमच्या घरची. नोंदणी साधारण २४० जणांची आहे. माणशी दोन धरल्या तर ४८० भाकरी होतात. आपली ८० कुटुंबं आहेत, म्हणजे घरटी सहा. पिठल्याला आठ किलो बेसन आणि त्याच्या चौपट-पाचपट पाणी. हॉलमध्ये उघडा जाळ चालत नाही, त्यामुळे तिथल्या शेगड्यांवर तीन पातेली चढवू. पिठलं बसून घट्ट होतं, तेव्हा शेवटचं पातेलं पंगत बसल्यावरच उतरवायचं. ठेचा आणि कांदा मंडळाकडून. खजिनदारांना आधीच सांगते, खर्च गेल्या वर्षीपेक्षा कमीच होईल.

आक्षेप मला ठाऊक आहेत. पहिला: इथल्या पिठाच्या भाकरी मोडतात. बरोबर आहे. पाकिटातलं पीठ समुद्र ओलांडून येईपर्यंत जुनं होतं आणि त्याची विरी जाते. त्याला उपाय उकळत्या पाण्याचा. पिठात उकळतं पाणी ओतून झाकून ठेवा, कोमट झाल्यावर खसाखसा मळा, भाकरी निमूट थापली जाते. बाजरीचं पीठ लवकर कडवट होतं आणि भाकरीही लवकर कडक होते, म्हणून यंदा शक्यतो ज्वारीच आणा. शिरूरकर मला माफ करतील. दुसरा आक्षेप: आम्हाला भाकरी येतच नाही. आषाढीच्या आधीच्या दोन शनिवारी हॉलच्या स्वयंपाकघरात भाकरीवर्ग आहे. तो पुरुषांसाठी आणि मुलांसाठी आहे. मैत्रिणींनी खुर्ची घेऊन बाजूला बसावं आणि चुका काढाव्यात. ज्या घरात फक्त आईच भाकरी थापेल, त्या घराच्या सहा मी अर्ध्याच मोजणार आहे. तिसरा: विद्यार्थ्यांच्या खोलीत तवाच नाही. त्यांनी कांदा चिरायला आणि पातेलं घाटायला यावं. चार हात लागणारच आहेत.

आणि बसायचं पंगतीत, जमिनीवर, ज्यांचे गुडघे परवानगी देतात त्यांनी. पानावर कुणाशेजारी बसायचं ते चिठ्ठीने ठरेल. पहिल्या पंगतीत भाकरी करणारे बसतील आणि कार्यकारिणी वाढेल. माझ्या आजीचं हे एक देणं माझ्याकडे राहिलं आहे.

या अंकात मुलांनी काढलेली वारीची चित्रं आहेत, नव्या सभासदांची ओळख आहे आणि शेंगोळीची सविस्तर कृतीही आहे. ती शिरूरच्याच एका सभासद काकूंनी सांगितली आहे आणि त्यांच्या नातवाने लिहून काढली आहे. गणेशोत्सवाच्या नाटकासाठी नावं देण्याची मुदत शेवटच्या पानावर पाहा.

जाता जाता एक नियम. बाहेरून आणलेल्या अन्नाच्या डब्यावर त्यात काय आहे ते लिहिलेलं असलं पाहिजे, असा हॉलवाल्यांचा आग्रह आहे आणि ॲलर्जीच्या दृष्टीने तो योग्यच आहे. तेव्हा दुरडी म्हणा, डबा म्हणा, जे आणाल त्यावर चिठ्ठी चिकटवा. तिच्यावर दोनच शब्द लिहायचे: 'ज्वारी, पाणी.' दाराशी एक मोठी परात असेल. भाकरी त्यात रचायच्या आणि डबा लगेच पिशवीत टाकायचा. आणि कुणाच्या घरच्या छोट्या मुलीने एखाद्या भाकरीच्या कडेला अंगठा दाबला असेल, तर ती भाकरी तेवढी घरीच ठेवा. दुधात कुस्करून छान लागते.

तुमची,
संपादक