गाव फडावर, ग्रामसभा कोणाची?

दसरा-दिवाळी सरली की अहमदपूर तालुक्यातील बालाघाटाच्या वाड्या-तांड्यांवर मुकादमांची वाहने येऊन उभी राहतात. उचल घेतलेली जोडपी, कारखान्याच्या भाषेत ‘कोयते’, भांडीकुंडी आणि लेकरे घेऊन पश्चिम महाराष्ट्राच्या वा कर्नाटकाच्या फडांकडे निघून जातात, ती पाडव्याच्या सुमारास परततात. मागे उरतात म्हातारी माणसे, आणि ज्यांना जाण्याची गरज नाही असे बागायतदार, दुकानदार व ठेकेदार. गावाचा कारभार मात्र नेमका याच महिन्यांत ठरतो.

1993 साली 73 वी घटनादुरुस्ती अमलात आली आणि ग्रामसभेला घटनेत स्थान मिळाले. पुढे 2018 साली केंद्राने गावविकास आराखड्यांची मोहीम काढली, तेव्हा तिचा काळ ठरविला 2 ऑक्टोबर ते 31 डिसेंबर. मराठवाड्याचा मजूर गाव सोडतो तो हाच काळ! गणपूर्तीचा नियमही पाहावा. एकूण मतदारांच्या 15 टक्के किंवा 100, यांपैकी कमी असेल ती संख्या पुरते. दीड हजार मतदारांच्या गावात शंभर माणसे जमली की गाव जमले! तेवढीही न जमल्यास सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अटच उरत नाही.

यावर ठरावीक उत्तर मिळते : लोकांनाच रस नाही. मग निवडणुकीच्या वेळी हेच लोक उमेदवारांच्या खर्चाने गाड्या भरभरून फडावरून कसे आणले जातात? मतदानाला त्यांच्या बोटापुरते काम असते. ग्रामसभेत ते तोंड उघडतील, ही धास्ती आहे. 1977 च्या राज्याच्या रोजगार हमी कायद्यामागे गावाजवळ काम मिळावे हीच प्रेरणा होती, आणि 2005 च्या केंद्रीय कायद्याने कामे सुचविण्याचा अधिकार ग्रामसभेला दिला. ज्याला पोटासाठी गाव सोडावे लागते, तो सभेत प्रथम पाणी अडविण्याचे काम मागेल. त्याच्या अनुपस्थितीत वेशीची कमान मंजूर होते.

केवळ गणपूर्ती वाढवून हे सुधारणार नाही. चीनच्या 1998 च्या ग्रामसमिती कायद्याने सभेसाठी निम्म्याहून अधिक प्रौढ गावकरी, अथवा दोन-तृतीयांश कुटुंबांचे प्रतिनिधी आवश्यक मानले. परंतु तरुण पिढी शहरांतील कारखान्यांत गेली, तिथे कागदावरचे गाव भरवायचे कोठून? म्हणून सभाच लोकांच्या ऋतुमानाप्रमाणे भरली पाहिजे.

आराखड्याची निर्णायक सभा पाडवा ते पेरणी या काळात व्हावी. तोडणीच्या हंगामात तहकूब सभेने खर्चाचे ठराव करू नयेत. बाहेर गेलेल्या कुटुंबांची यादी प्रत्येक सभेत वाचली जावी. या मागण्या शासनाकडे केल्याच पाहिजेत, पण डॉ. लोहियांच्या चौखंबा राज्यातील गाव हा खांब ज्यांना प्रिय आहे, त्यांनी स्वतःलाही विचारावे : मुकादम तांड्यावर पोहोचतो, त्यापूर्वी आपला कार्यकर्ता तेथे गेला होता काय? प्रचाराची गाडी मिळते, ग्रामसभेसाठी का मिळत नाही? याचे उत्तर येत्या पाडव्याला, माणसे परततील तेव्हा, गावागावांत द्यावे लागेल.