वेष्टन आणि पोथी

भाऊबीजेला धाकट्या बहिणीकडे फुलसावंगीला गेलो होतो. ओसरीवर वेचणीचा कापूस, दारात पणत्या, आणि भाच्याच्या संगणकाचा पडदा तेवढा काळाकुट्ट! विंडोज १० ची नेहमीची देखभाल १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि त्या जुन्या यंत्रावर पुढची विंडोज चढेना. म्हणून या बहाद्दराने युनिक्सच्या कुळातली फ्रीबीएसडी बसवली होती. काळ्या पडद्यावर अक्षरे उमटत, आज्ञाही चालत; पण चित्रांचा, खिडक्यांचा पडदा काही उघडेना.

"मामा, ग्राफिक्स कार्ड गेलं असेल का हो?"

कॅबिनेटवर एनव्हिडियाचे चकचकीत लेबल होते. भाच्याने ड्रायव्हरही त्याच नावाचा बसवला होता. मी चष्मा पुसला आणि निकाल देऊन टाकला, "गेलेच ते. नवे घे!" मेहुणे काही बोलले नाहीत. विकलेल्या कापसाचे पैसे त्यांनी कपाटातून काढून मोजून ठेवले. बहिणीने माझ्याकडे नुसते पाहिले.

ते पाहणे रात्री झोपू देईना. वाचकहो, जुन्या पोथ्यांविषयी मी मुलांना दरवर्षी सांगतो, की कर्त्याचे नाव वेष्टनावर शोधू नका; वेष्टन बदललेले असते. शेवटचे पान उघडा, पुष्पिका वाचा. आणि इथे मी स्वतःच वेष्टन वाचून मोकळा झालो होतो!

सकाळी विचारले, "अरे, यंत्रालाच नाव विचारता येत नाही का?"

"येतं की!" असे म्हणून त्याने 'पीसीआयकॉन्फ' ही आज्ञा, पुढे '-एलव्ही' जोडून, टंकली. (लिनक्सवर हेच काम 'एलएसपीसीआय' करते.) तेव्हा कळले, की आत जोडलेल्या अशा प्रत्येक भागाच्या पोटात दोन क्रमांक कोरलेले असतात : एक घडवणाऱ्याचा, दुसरा त्या वस्तूचा. एनव्हिडियाचा १०डीई, एएमडीचा १००२, इंटेलचा ८०८६. हा शेवटचा आकडा म्हणजे इंटेलच्या १९७८ सालच्या प्रसिद्ध प्रोसेसरचेच नाव! लेबल कुणीही चिकटवावे. हे क्रमांक मात्र वस्तूबरोबरच असतात.

यादीत 'डिस्प्ले' या वर्गाखाली एकच नोंद होती आणि तिचा क्रमांक होता ८०८६. एनव्हिडियाचा मागमूस नाही. वीज काढून कॅबिनेट उघडले, तर कार्डाची खाच रिकामी! यंत्र जुने घेतलेले. कार्ड केव्हाच कुणी काढून नेले होते. पडद्याचे काम प्रोसेसरमधलाच इंटेलचा भाग पाहत होता, आणि आम्ही त्याला घरात नसलेल्या माणसाच्या नावाने हाका मारीत होतो. तो ओ कशी देणार?

भाच्याने एनव्हिडियाच्या नोंदी पुसल्या, मोबाइलचे इंटरनेट जोडून 'डीआरएम-केमॉड' उतरवले, सुरुवातीलाच 'आय९१५केएमएस' चढेल अशी नोंद केली आणि स्वतःचे नाव 'व्हिडिओ' गटात घातले. यंत्र पुन्हा सुरू केले. पडदा उजळला.

मेहुण्यांनी पैसे पुन्हा कपाटात ठेवले. फराळाचे ताट पुढे करीत बहीण म्हणाली, "दादा, पुढच्या वेळी आधी विचारत जा, मग सांगत जा."

मी मुकाट्याने चकली उचलली.