एक रेकॉर्डिंग, सगळ्या खोल्या
बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशात असले, तरी दूरदर्शनची सह्याद्री वाहिनी डीडी फ्री डिशमुळे तिथल्या मराठी घरांतही मासिक शुल्काविना दिसते. संगणकात उपग्रह ट्यूनर कार्ड बसवून डिशची केबल जोडली की कार्यक्रम रेकॉर्ड करता येतो. मिथटीव्हीसारख्या मुक्त प्रणालीत ट्यूनर आणि हार्डडिस्क असलेला एकच संगणक साठवणीचे काम करतो. राउटरला जोडलेले बाकीचे संगणक त्याच्याकडून यादी घेऊन हवे ते रेकॉर्डिंग दाखवतात. साध्या दर्जाच्या चित्राला सेकंदाला काही मेगाबिट पुरतात, म्हणून बरे वायफायही चालते. मुख्य संगणकाचा नेटवर्कवरील पत्ता मात्र कायम ठेवावा. सशुल्क डीटीएच खोक्यातले रेकॉर्डिंग कूटबद्ध असते आणि सहसा त्याच खोक्यावर चालते. म्हणून घरभर वाटून पाहण्यासाठी खुली वाहिनीच उपयोगाची.